गुरुवारचं माप

२ जानेवारी, सोमवार

साबणाच्या कंपनीने दर वर्षीसारखी डायरी पाठवली. सुनेने चाळून पाहिली, म्हणाली, "आई, कागद जाड आहे. कोटांच्या कॉलरखाली घालायला होईल." मी तिच्या हातातून ओढून घेतली. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं, पण वाचणारी मीच, तेव्हा कोणाच्या बापाचं काय जातं.

लिहायचं कारण एकच. जन्मभर मी बडबडत आले आणि म्हातारा उत्तरं देत आला. आता त्याचा दम पुरत नाही. काही विचारलं की उत्तर द्यायला उठून बसतो, मग खोकतो, मग पाणी द्या, पाठ चोळा. माझ्या एका प्रश्नापायी त्याची अख्खी सकाळ जाते. तेव्हा आता बोलायचं ते इथे.

घर आणि धंदा एकाच इमारतीत. खाली धुलाईची यंत्रं, मागे घडीची खोली, वर आम्ही. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट आमच्याकडे येतात. मागच्या अंगणात शेड, शेडमध्ये इंजिन. ते गॅसवर चालतं. त्याची वीज यंत्रांना जाते आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने धुण्याचं पाणी तापतं. म्हाताऱ्याने ते बसवलं, पोसलं, आणि छाती गेल्यावर मुलाच्या हाती दिलं. पण खाट मागच्या खिडकीशीच ठेवलीय. तिथून शेडचं छप्पर दिसतं, धुराडं तर हात लांब केला तर लागेल असं. दुसरीकडे झोपणार नाही म्हणतो. मी म्हणते, बघत बसा माझ्या सवतीकडे.

५ जानेवारी, गुरुवार

आज चाचणी सुरू झाली. गॅसकंपनीच्या माणसांनी शेडबाहेर जाळीचा पिंजरा करून त्यात लाल नळकांडी उभी केली. त्यांत हायड्रोजन. नेहमीच्या गॅसमध्ये पाचात एक भाग हा मिसळायचा आणि इंजिनाला पाजायचा. गॅस कमी लागेल, घाणही कमी निघेल, असा त्यांचा होरा.

मुलगा चहा प्यायला वर आला तेव्हा म्हटलं, मला कळेल असं सांग.

"आई, साधा गॅस म्हणजे जाड लाकूड. सावकाश पेटतं. हा नवा म्हणजे वाळकी काटकी, भुर्रकन पेटतो. म्हणून ठिणगी जरा उशिरा टाकायची आणि हवा जास्त द्यायची. आग शांत राहते, गॅस थोडा वाचतो, धुराड्यातून वाईट काही येत नाही."

"आणि ठिणगी लवकर टाकली तर?"

"इंजिन जोर धरतं, गॅस आणखी कमी लागतो. पण आग इतकी तापते की आतली हवाच जळायला लागते. त्याचा एक वायू होतो. छातीला वाईट."

"दिसतो?"

"नाही. फार झाला तर वास येतो. नाहीतर तोही नाही."

"मग कळायचं कसं?"

"म्हणून तर ती बाई दर गुरुवारी येणार. धुराड्यात नळी घालून मोजणार."

बाई म्हणजे कंपनीची मापवाली. वयाने माझ्या नातीसारखी, केस आखूड, हातात डबा, डब्याला शेपटीसारखी नळी. मोजून झाल्यावर जिना चढून म्हाताऱ्याला भेटून गेली. म्हणाली, "आजोबा, तुमचं इंजिन वयाच्या मानाने ठणठणीत आहे." म्हातारा म्हणाला, "मालकाच्या मानाने म्हण." दोघं हसली. मला हसू आलं नाही, कारण त्यानंतरचा खोकला मला निस्तरायचा होता.

मुलाची यात मान अडकलेली आहे. हॉस्पिटलवाल्यांचा डोळा शहराबाहेरच्या मोठ्या लाँड्रीवर गेलाय. आमचं म्हातारं इंजिन गॅस ढोसतं, त्यांच्या भावात आम्हाला परवडत नाही. चाचणी यशस्वी झाली, म्हणजे गॅसही वाचला आणि धूरही स्वच्छ निघाला, तर कंपनी नवं इंजिन बसवून देणार. नाही झाली तर मुलगा म्हणतो, दाराला कुलूप. शेवटचं माप फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी.

९ जानेवारी, सोमवार

दिवसभर नुसता ताप. ठिणगी उशिरा आणि हवा जास्त, अशा जेवणावर इंजिनाच्या अंगात जीवच राहीना. सगळी यंत्रं लावली की दिवे मिणमिणायचे. इस्त्रीचा रूळ असा फिरत होता जसा जावई सासुरवाडीहून निघतो. चादरी ओलसरच बाहेर. हॉस्पिटलची गाडी दारात उभी, तिचा ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, सून घामाघूम.

दुपारी मुलगा शेडमध्ये गेला, काहीतरी फिरवलं, आणि इंजिन असं सुटलं की बास. दिवे लख्ख. रूळ गरगर. गाडी वेळेत गेली. सून म्हणाली, "हे सकाळीच सुचायला काय झालं होतं?" तो हात पुसत उभा राहिला.

मी वर आले तर म्हातारा खिडकीला कान लावून बसलेला. म्हणाला, "लवकर केली."

"काय लवकर केली?"

हात हलवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. असा अर्धवट बोलतो आणि माझं डोकं खातो.

१२ जानेवारी, गुरुवार

मापवाली यायच्या आधी मुलाने निम्मी यंत्रं बंद केली आणि शेडमध्ये जाऊन इंजिनाचा जोर उतरवला. मी अंगणात चिमटे गोळा करत होते. विचारलं, "हे काय?" म्हणाला, "पाहुणे आले की इंजिनालाही तोंड धुवावं लागतं."

बाईने मोजलं. आकडा छान. मीटर बघितला, गॅस आठवडाभरात बराच कमी लागलेला. ती इतकी खूश झाली की सुनेच्या हातचा चहा दोनदा प्यायली. म्हणाली, इतका गॅस वाचून इतका स्वच्छ धूर, आमच्या साहेबांना दाखवलं तर ते परत मोज म्हणतील.

म्हातारा आज उठून खुर्चीत बसला. अंडं खाल्लं, पाव खाल्ला, वर सून कुठे दिसत नाही म्हणून विचारलं. एवढं लांब वाक्य बऱ्याच दिवसांनी. जवान बाई जिना चढून येते म्हटल्यावर येतोच हुरूप.

१७ जानेवारी, मंगळवार

म्हाताऱ्याची रया गेली. पायरी चढल्यासारखा धापा टाकतो, आणि बसलाय खाटेवर. ओठ जांभळट. डॉक्टर आला, छातीला नळी लावली, औषध बदललं. म्हणाला, थंडीत अशा छात्या त्रास देतात. म्हाताऱ्याला म्हटलं, "खिडकी उघडी टाकून इंजिनाची गाणी ऐका अजून. लागू दे गारठा." मी खिडकी लावली, फटीत फडकी कोंबली. तरी खोलीत काहीतरी आंबूस वाटतं. औषधाचा वास असेल. मेली औषधंही आता नाकाला झोंबतात.

खाली काम दुप्पट. हॉस्पिटलात थंडीचे आजारी वाढलेत, चादरींचे डोंगर येतात. इंजिन खेचतंय बैलासारखं. मुलगा म्हणाला, "आई, बघितलंस? हेच इंजिन भंगारात जाणार होतं." मला बरं वाटलं. पोराच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

१९ जानेवारी, गुरुवार

मापवाली आली. आकडा पुन्हा छान. म्हाताऱ्याला पुन्हा पालवी. आज तर दाढी केली. मी तोंडावर म्हटलं, "गुरुवार आला की तुमचे श्वास बरे सरळ होतात. बाकीचे सहा दिवस माझ्या नावाने खोकता." म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी काहीतरी शहाण्यासारखं बोलले. मग म्हणाला, "तिला रोज बोलव." निर्लज्ज.

२४ जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटलने गठ्ठे परत पाठवले. चादरी पिवळ्या आहेत म्हणे.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे, म्हाताऱ्याच्या बापापासूनची. वर्षाच्या सुरुवातीला एक कोरी पांढरी चादर धुऊन, घडी करून, प्लास्टिकमध्ये घालून घडीच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची. ती कोणी वापरायची नाही. तिला आम्ही साक्षीदार म्हणतो. धुतलेला माल तिच्याशी लावून बघायचा, तिच्याइतका पांढरा असेल तर जाऊ द्यायचा. वाद झाला तर तीच बाहेर काढायची. आजवर तिने आम्हाला खोटं पाडलं नाही.

सुनेने परत आलेली चादर साक्षीदाराशी लावली. दोन्ही सारख्या. मीही बघितलं, सारख्याच. सुनेने फोन उचलला आणि हॉस्पिटलच्या भांडारवालीला अशी झाडली की मला अभिमान वाटला. "तुमच्या दिव्यांत खोट असेल, आमच्या मालात नाही. साक्षीदार ठेवलाय आम्ही, येऊन बघा."

२५ जानेवारी, बुधवार

भांडारवाली आली. स्वतःचा नवा टॉवेल पिशवीत घालून आली. आमच्या साक्षीदारावर तो टॉवेल ठेवला फक्त.

साक्षीदार पिवळा. घड्यांवर तर हळद लागल्यासारखा. आमच्याच फळीवर, आमच्याच मालाबरोबर पिवळा होत गेला, आणि आम्ही रोज त्याच्याशी माल ताडून म्हणतोय, वा, काय पांढरं. साक्षीदारच फितूर झाल्यावर न्याय कुठला.

भांडारवाली निघताना म्हणाली, "महिनाभर बघू. मग मोठ्या लाँड्रीला विचारावं लागेल." सून तिच्यामागे दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

साबण बघितला, पाणी बघितलं, रुळावरचं कापड बदललं. मी दोन चादरी अंगणात उन्हात टाकल्या. संध्याकाळी आणायला गेले तर पिवळेपणा गायब. धुतल्याशिवाय. डाग म्हणावा तर उन्हाला घाबरून पळणारा डाग मी जन्मात पाहिला नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहिणार आहे. हात दुखला तर दुखला.

मापवाली आली, मोजलं, छान. सुनेने तिच्यापुढे चादर टाकली, रडकुंडीला आली होती, म्हणाली, "बघा आमचं नशीब." मापवालीने चादर उलटीपालटी केली, प्लास्टिक हुंगलं. म्हणाली, "हे मी एका गोदामात पाहिलंय. इंजिनाचा वायू प्लास्टिकमध्ये बांधलेल्या पांढऱ्या कापडाला लागला की असं होतं. प्लास्टिकमधलं औषध आणि तो वायू मिळून पिवळं करतात. ऊन लागलं की जातं."

सून म्हणाली, "कुठला वायू?"

"तोच जो मी मोजते. आग फार तापली की होतो तो. पण तुमच्याकडे तो जवळजवळ नाहीच. माझे आकडे आहेत ना. तेव्हा दुसरं काहीतरी असणार."

मी मुलाकडे बघितलं. तो मीटरची काच पुसत होता. स्वच्छ होती काच. त्याचे कान लाल. लहानपणी दूध सांडून मांजराचं नाव सांगायचा तेव्हा असेच व्हायचे.

मला सगळं एकदम दिसलं. गुरुवारी निम्मी यंत्रं बंद. गुरुवारी इंजिन तोंड धुतं. गुरुवारी म्हातारा अंडं खातो. मी मूर्खासारखी ते त्या पोरीच्या नावावर टाकत होते.

बाई गेली. सून हॉस्पिटलात मनधरणीला गेली. मी शेडमध्ये गेले. तिथे एवढा आवाज की ओरडूनच बोलावं लागतं, तेव्हा बरंच झालं.

"ठिणगी लवकर टाकतोस."

"कोण म्हणालं?"

"तुझे कान."

त्याने इंजिनाकडे पाठ केली. "आई, उशिरा टाकली तर सगळी यंत्रं ओढत नाही ते. तू पाहिलंस त्या सोमवारी. गाडी परत गेली असती."

"मग बाईला तसं सांगायचं."

"सांगितलं की चाचणी फसली. हे इंजिन जुनं आहे म्हणून ओढत नाही, नवं ओढेल. नवं मिळवायला हे एवढं करायचं. दोन गुरुवार राहिलेत."

"वर तुझा बाप झोपतो. धुराडं त्याच्या उशाशी आहे."

त्याने वर छपराकडे बघितलं. मग म्हणाला, "खिडकी लावलेली असते ना?"

म्हणजे त्याने विचार केला होता.  विचार न करता केलं असतं तर दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते.

म्हटलं, धुराडं उंच कर. म्हणाला, बाईला कळवावं लागेल, ती विचारेल का. म्हटलं, रोजच गुरुवारसारखं चालव. म्हणाला, गॅस एकदम वाढलेला मीटरवर दिसेल, आणि हॉस्पिटलचा माल अर्धा पडून राहील, मग महिनाभरही थांबणार नाहीत ते. मी बोलेन त्याला त्याच्याकडे उत्तर तयार. शेवटी म्हणाला, "आई, दोन आठवडे. बाबांना पुढच्या खोलीत हलवू. तू सांग, काय करू? तू म्हणशील तर आत्ता बंद करतो."

त्याने खरंच हात इंजिनाच्या कळीवर ठेवला होता.

घडीच्या खोलीत दोन बायका काम करतात, त्यांची घरं. सुनेची उमेद. म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य. मी म्हटलं, पुढच्या खोलीत हलवा. दोन आठवडे.

मी म्हटलं हे. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच दुसरं काही आठवायला नको.

२७ जानेवारी, शुक्रवार

खाट हलवताना म्हाताऱ्याने विचारलं, का. मी म्हटलं, मागे गारठा येतो. तो म्हणाला, "गारठा नाही."

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आवाज बदलला ना. त्या सोमवारीच."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"बोलायला दम लागतो." आणि हसला. मग त्याचा हिशेब खोकून चुकता केला. पाणी पाजलं. थांबत थांबत म्हणाला, "माझी छाती काय, आधीच गेलेली. कोळशाच्या इस्त्रीवर गेली. पोराचं बस्तान बसू दे."

"आणि मी? मला कोणी विचारायचं?"

"तुला विचारलं ना त्याने. काल."

वर पडून हा सगळं ऐकतो. ओरडून बोललो होतो आम्ही. मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. सारखीच होती. 

३० जानेवारी, सोमवार

पुढच्या खोलीत म्हातारा बराय. रस्ता दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवतो, एका लठ्ठ माणसाला पाहून म्हणाला, याला इस्त्रीच्या रुळातून दोनदा काढावा लागेल. श्वास थोडा हलका. मुलगा येताजाता डोकावतो, आत येत नाही. सुनेला गारठ्याचंच सांगितलंय. तिने त्याच्यासाठी जाड पडदा शिवला.

चादरी आता प्लास्टिकमध्ये घालत नाही, कापडात बांधतो. पिवळ्या होत नाहीत. भांडारवाली काही बोलली नाही, म्हणजे बरं आहे.

२ फेब्रुवारी, गुरुवार

माप छान. एकच गुरुवार राहिला.

४ फेब्रुवारी, शनिवार

थंडी कडक पडली. हवा हलत नाही, शेडवरून निघालेलं तिथेच घुटमळतं. जिन्यात तो आंबूस वास. पुढच्या खोलीतही आला, की मला आता सगळीकडेच येतो कोण जाणे. म्हाताऱ्याचा श्वास पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाला, हॉस्पिटलात नेऊ. म्हातारा म्हणाला, सोमवारी. मुलगा दारात उभा होता, त्याला म्हटलं, "जा, उतरव त्याचा जोर." तो धावत खाली गेला. दिवे मिणमिणले. रूळ थांबला. सून खालून ओरडली, कोणी काय केलं म्हणून. मुलगा परत दाराशी आला तेव्हा म्हाताऱ्याने हाताने खूण केली, चालू द्या. ती खूण इंजिनासाठी होती हे आम्हा तिघांनाही कळलं. मी म्हटलं, राहू दे उतरलेला. आणि राहू दिला.

६ फेब्रुवारी, सोमवार

म्हातारा गेला. दुपारी. हॉस्पिटलची गाडी चादरी न्यायला आली होती, तीच त्याला न्यायला थांबवली. जिना उतरवायच्या आत गेला.

८ फेब्रुवारी, बुधवार

पोचवून आलो काल. इंजिन बंद आहे. इतकं शांत आहे की नळ टपकतो ते ऐकू येतं. हे घर असं वाजतं हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर भेटायला आला. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, इंजिनाच्या वायूने गेला का? त्याने विचारलं, कसला वायू? सगळं सांगितलं, ठिणगीपासून खाट हलवण्यापर्यंत, म्हाताऱ्याला ठाऊक होतं तेही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, अशी छाती या थंडीत कशानेही जाते. वायू वाईटच. पण त्यानेच गेले असं मी सांगू शकत नाही. नाही असंही सांगू शकत नाही." डॉक्टर चांगला आहे. खोटं बोलला असता तर मला बरं पडलं असतं.

सून दाराशी होती. तिने ऐकलं.

मी म्हटलं, आता ही रडेल. रडली नाही. पुढच्या खोलीत गेली, तो जाड पडदा काढला, घडी घातली, आणि ती घडी माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"गारठा," ती म्हणाली.

"अगं..."

"तुम्ही तिघांनी ठरवलंत. त्यांनी, तुम्ही, आणि बाबांनी. मी या घरात कोण? गाडी वेळेत गेली की बोलायची तेवढी." मग मुलाकडे वळली, तो जिन्यावर बसला होता. "तुम्हाला वाटलं मी लाँड्री मागेन. मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, लावा कुलूप. बाबांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहू. मी चार घरची धुणी करीन. विचारलंत का?"

  तिचं खरं होतं, आणि खरं असलं की मला माणसाचा राग येतो, तो आलाही. पण बोलले नाही. तिला विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. बाकी सगळं सुचलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचं माप.

सकाळी मुलाने इंजिन सुरू केलं. मी ओल्या अभ्र्यांची टोपली घेऊन अंगणात होते. वाटलं, शेवटचं आहे, तोंड धुवेल. त्याने सगळी यंत्रं लावली. एकूण एक. रिकामी यंत्रंसुद्धा पाण्यावर फिरवली. मग शेडमध्ये जाऊन ठिणगी पुढे घेतली, म्हणजे लवकर, त्या सोमवारी जिथे होती तिथे. आवाज मलाही कळला आज.

मापवाली आली. म्हाताऱ्याचं तिला दारातच कळलं. तिचे डोळे भरले, म्हणाली, आज राहू दे, मी नंतर येते. मुलगा म्हणाला, "नाही. आजच मोजा."

तिने नळी घातली. डब्याकडे बघितलं. नळी काढली, झटकली, पुन्हा घातली. डबा हातावर आपटला.

"बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

"डबा बरोबर आहे."

"हा आकडा होऊच शकत नाही. दर गुरुवारी..."

"गुरुवारी मी ठिणगी मागे घेत होतो. निम्मं बंद ठेवत होतो. बाकीचे सगळे दिवस असं चालायचं. तुमच्या मीटरचा आकडा खरा, धुराड्याचा खोटा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग वर खिडकीकडे बघितलं, फटीत अजून माझी फडकी कोंबलेली होती, आणि धुराड्याकडे बघितलं, आणि दोन्हींमध्ये किती अंतर आहे ते तिला न मोजता कळलं असावं. हळू आवाजात म्हणाली, "मी हे लिहिलं तर इथलं काम संपेल. तुम्हाला काही मिळणार नाही."

"ठाऊक आहे."

"ठिणगी मागे घेऊन पुन्हा एकदा मोजू शकते मी. खरं सांगते, नियमात बसतं ते. जुनं इंजिन, कमी भार, एवढंच लिहीन."

सून घडीच्या खोलीच्या दारात उभी होती. मुलाने तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी विचारत होता तिला, तोंडाने नव्हे. तिने मान हलवली. नाही अशी.

"हाच लिहा," मुलगा म्हणाला.

मापवालीने डबा भिंतीच्या कट्ट्यावर ठेवला आणि लिहायला लागली. तिचा हात हळू चालत होता. तेवढा वेळ मी मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याच्यासाठी नाही. टोपली जड होती, पाठ टेकायला भिंत हवी होती, आणि भिंत त्या बाजूला होती.